गॅलरीतला चुका

त्या काळी मी एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. म्हणजे लोकांच्या चुका काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत ऱ्हस्वाचं दीर्घ आणि दीर्घाचं ऱ्हस्व करत बसल्यामुळे आपल्या स्वतःच्या हातूनही चूक होऊ शकते ही गोष्ट माझ्या ध्यानातच येत नसे. बायकोच्या मात्र सतत ध्यानात असे.

तर अशा माणसाच्या हातून एक चूक झाली. माझी अक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांचा होतो, आणि अक्काची शाळा चौथीत सुटली ती माझ्यापायी. तिनं मला भरवलं, न्हाऊ घातलं, पाटीवर अक्षरं गिरवून घेतली. लग्न होऊन दूर गेल्यावर ती मला मोठमोठी पत्रं लिहायची. असंच एक चार पानी पत्र एकदा छापखान्याच्या पत्त्यावर आलं. समोर लाल शाईची दौत, हातात टाक, आणि डोळे सवयीचे गुलाम. वाचता वाचता मी अक्काचं सगळं पत्र तपासून टाकलं. शेवटी 'एकूण दुरुस्त्या त्रेचाळीस' असं लिहून खाली सहीसुद्धा ठोकली. इथवरही ठीक होतं. पण संध्याकाळी तिला उत्तर लिहिलं आणि घाईत पाकिटात घातलं ते उत्तर नव्हे. तिचंच पत्र. लाल शाईसकट.

त्यानंतर दोन वर्षं अक्काचं एका ओळीचंही पत्र नाही. मी माफीची सहा पत्रं लिहिली. सहाही विहिरीत दगड टाकावा तशी गेली, फक्त बुडाल्याचा आवाजही आला नाही.

"माफी मागू नका आता," बायको म्हणाली. "तिला आवडेल असं काहीतरी लिहा."

मी विचार करत बसलो, आणि मला आमच्या लहानपणच्या क्वार्टरचं मागचं अंगण आठवलं. अंगण म्हणजे काय, धुण्याचा दगड, तारेचं कुंपण आणि मध्ये चार हात जमीन. पण दगडावरून वाहून जाणाऱ्या पाण्यावर अक्कानं तिथे चुक्याचा वाफा केला होता. तळहाताएवढी, पोपटी, जराशी मांसल पानं. ती अंगठ्याच्या नखानं देठ खुडायची, पान फ्रॉकला पुसायची, त्यावर मिठाचा खडा ठेवायची आणि मला 'आ कर' म्हणायची. मग माझं तोंड आंबून वाकडं झालं की ती हसायची. अक्का फारशी हसत नसे. दहा-बारा वर्षांच्या मुलीला अख्खं घर ओढायचं असलं की हसायला सवड कुठून मिळणार? पण त्या पानाच्या वेळी ती हमखास हसायची.

मी लिहायला बसलो होतो, 'गॅलरीत चुका लावायचा विचार आहे.' लिहून गेलो, 'गॅलरीत चुका लावलाय. अगदी तुझ्या वाफ्यातल्यासारखा तरारलाय.' एवढं खोटं मी आयुष्यात कधी छापून येऊ दिलं नव्हतं.

आठव्या दिवशी कार्ड आलं. त्यावर एकच ओळ होती. 'चुका काढायला मीच येते, पुढच्या महिन्याच्या बावीस तारखेला, तोवर हात लावू नकोस.'

हा टोमणा आहे की खरोखरच भाजी काढायची गोष्ट आहे, यावर मी आणि बायकोनं दोन दिवस खल केला. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "टोमणा असो नाहीतर भाजी असो, गॅलरीत काहीतरी उगवलेलं पाहिजे की नको?"

हाताशी एकोणचाळीस दिवस होते. बी बाजारात सहज मिळालं. कागदाच्या पुडीत तांबूस, चकचकीत, तीन कोनांचे दाणे. चार कुंड्याही मिळाल्या. अडलं ते मातीपाशी. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला आपण जमिनीवर राहत नाही हे अशा वेळीच कळतं.

शेजाऱ्यांनी सांगितलं, नगरपालिकेच्या उद्यान खात्यात जा. गेलो. कारकुनानं छापील अर्ज पुढे केला. (त्यात 'मृत्तिका' हा शब्द तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी छापलेला होता. मी गप्प बसलो. काय यातना झाल्या ते माझं मला ठाऊक.)

"प्रयोजन?" कारकुनानं विचारलं.

"चुका."

"कुणाच्या?"

"माझा."

त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "नीट सांगा. एक आहे की अनेक आहेत?"

"अहो, भाजी! चुक्याची भाजी लावायचीय कुंडीत."

"मग तसं म्हणा. इथे लोक काय काय कबूल करून जातात." त्यानं लिहून घेतलं. "आता असं आहे, उद्यानातली माती ही साठ्याच्या वहीत नोंदलेली असते. बाहेर द्यायची तर ती निरुपयोगी असल्याचा दाखला लागतो."

"द्या मग दाखला."

"दाखला दिला तर माती निरुपयोगी ठरली. निरुपयोगी मातीत भाजी लावू देणं आमच्या खात्याला शोभणार नाही."

या खिडकीवर मी चार खेपा घातल्या. पाचव्या खेपेला बाहेर खुरपं घासत बसलेल्या माळ्याला माझी दया आली. "मागच्या फाटकाबाहेर ढीग पडलाय," तो म्हणाला. "कुणीही नेतं. आम्हीच सांगतो न्यायला."

ऑफिसच्या पिशवीत मावेल तेवढी माती भरून मी घरी निघालो. पिशवी कापडी होती, आणि तिला माझ्यापेक्षा स्वतःच्या मर्यादांची जास्त जाण होती. दुसऱ्या मजल्यावर, बेलीफसाहेबांच्या बरोब्बर दारासमोर, तिनं तळ सोडला.

बेलीफसाहेब म्हणजे आमचे खालचे शेजारी. कोर्टातून निवृत्त झाले होते. एकतीस वर्षं लोकांच्या घरात शिरून जप्तीच्या याद्या केल्यामुळे त्यांची नजर कशावरही पडली की त्या वस्तूवर क्रमांक घातल्यासारखं वाटे. आमच्या घरी चहाला आले तरी कपाटाकडे असे बघत की बायको नकळत कपाटाच्या पुढे जाऊन उभी राही. आवाज ऐकून ते बाहेर आले, मातीच्या ढिगाकडे बघितलं, आत जाऊन खडू आणला आणि ढिगाभोवती रेघ ओढली.

"साहेब, मी लगेच उचलतो," मी म्हणालो.

"उचला. पण हद्द कळली पाहिजे," ते म्हणाले. "कशासाठी ही?"

मी सांगितलं. बेलीफसाहेबांचा चेहरा एकदम मऊ झाला. "चुका! फार वर्षांत खाल्ला नाही. बी दोन इंच खोल पेरा, आणि पाणी सढळ हातानं घाला. बादलीनं घाला. पाण्यात हात आखडू नका."

हा सल्ला मी का ऐकला हे मला आजही सांगता येणार नाही. अधिकारवाणी ऐकली की माझी मान आपोआप हलते, हा माझा जन्माचा दोष आहे. बरं, तेवढा एकच सल्ला असता तर गोष्ट वेगळी. पण चार कुंड्यांची बातमी पसरली आणि सल्ल्यांना पूर आला. सोसायटीचे चिटणीस वेधशाळेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, खोलबिल पेरू नका, वरवर भुरभुरा, आणि वाऱ्याची दिशा बघून भुरभुरा. छापखान्यातला फोरमन म्हणाला, आधी कुंडीला भोकं भरपूर पाडा, मुळं गुदमरतात. मी कुणाचंच मन मोडलं नाही. बी चिटणिसांच्या मतानं वरवर भुरभुरलं, भोकं फोरमनच्या मतानं हातोडी आणि मोठ्या खिळ्यानं पाडली, आणि पाणी बेलीफसाहेबांच्या मतानं बादलीनं घातलं.

प्रत्येक सल्ला आपापल्या जागी बरोबर असेलही. पण तिघांनी मिळून माझी माती, बी आणि पाणी कुंडीतून गॅलरीत आणि गॅलरीतून पन्हाळीवाटे खाली पोचवलं. खाली बेलीफसाहेबांचं धुतलेलं पांढरं धोतर वाळत होतं. त्याचा पंचनामा झाला. पुढे चिटणिसांची नोटीस आली, 'विनापरवाना जलविसर्ग' या मथळ्याची. मी ती वाचली, विसर्गाला एक विसर्ग उगाच लागला होता तो खोडला आणि मग जीभ चावली. लाल शाईचा एवढा प्रताप भोगूनही हात वळवळायचा तो वळवळायचाच.

बायकोनं उरलेली माती गोळा केली, पुडीतलं उरलेलं चिमूटभर बी टाकलं आणि फक्त ओंजळीनं पाणी शिंपडलं. "आता कुणालाही काही विचारू नका," ती म्हणाली. "मलासुद्धा."

सातव्या दिवशी कोंब आले! काय सांगू, मी छापखान्यात उशिरा गेलो. दोन हिरवी पानं, मग चार. चिमण्या येऊ नयेत म्हणून मी छापखान्यातून आणलेली जुनी मुद्रितं दोरीला लावून टांगली. ती वाऱ्यावर फडफडत आणि चिमण्या त्यावर बसून झोके घेत. रोज सकाळी मी फूटपट्टीनं रोपांची उंची मोजून भिंतीवर पेन्सिलीनं लिहीत असे. रोपं माझ्या डोळ्यांदेखत वाढली, दाट झाली, आणि एक दिवस त्यांना बारीक काटे फुटले.

"चुक्याला काटे असतात का गं?" मी बायकोला विचारलं.

"चुक्याला नसतात," ती म्हणाली.

"मग हे काय?"

"रान आहे. ढिगातल्या मातीत असणार. मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

तिनं कुंडीतली माती बोटानं सारखी केली. मग म्हणाली, "तुम्ही रोज मोजत होता ना. दोन वर्षांत तुम्हाला सकाळी शीळ घालताना ऐकलं नव्हतं मी."

मी फूटपट्टी ड्रॉवरमध्ये ठेवून दिली.

अक्का यायला नऊ दिवस उरले होते. त्या संध्याकाळी मी कठड्यावर कोपरं टेकून खिन्नपणे खाली बघत होतो, आणि मला बेलीफसाहेबांच्या गुलाबाची कुंडी दिसली. गुलाब नेहमीसारखाच मरतुकडा होता. पण त्याच्या बुंध्याभोवती, भरगच्च, वीतभर उंच, तळहाताएवढी पोपटी पानं! माझा चुका! बादलीच्या पाण्याबरोबर वाहून गेलेलं माझं बी खाली जाऊन गादीवर लोळत होतं.

मी तीन-तीन पायऱ्या एकदम उतरलो. बेलीफसाहेब शांतपणे म्हणाले, "कुंडी माझी, माती माझी, निगा माझी. तुमचा काही हक्क असेल तर लेखी द्या."

मी लेखी दिलं. (निर्दोष लिहिलं होतं, त्याबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही.) चिटणिसांनी गच्चीवर बैठक बोलावली. बी एकाचं, माती दुसऱ्याची आणि पाणी सोसायटीच्या टाकीचं, तेव्हा भाजी कुणाची, या प्रश्नावर सव्वा तास चर्चा झाली. टाकीचा मुद्दा निघाल्यावर तर चिटणिसांनी सोसायटीचा तिसरा हिस्सा मांडला. मी उभा राहून म्हणालो, "मला भाजी खायची नाही हो. बावीस तारखेला माझी बहीण येणार आहे. तिला फक्त दाखवायचीय." पण 'दाखवणे' हा वापर धरावा की न धरावा यावर मतभेद झाले, आणि शेवटी प्रत्यक्ष पाहणीसाठी तिघांची उपसमिती नेमली गेली.

उपसमितीला सवड मिळाली ती एकवीस तारखेला संध्याकाळी. आम्ही सगळे मिरवणुकीनं दुसऱ्या मजल्यावर गेलो. कुंडीत एकटा गुलाब उभा होता.

"माल कुठाय?" चिटणिसांनी विचारलं.

बेलीफसाहेब जरा खाकरले. "पालेभाजी हा नाशवंत माल. वाद चालू असताना नाशवंत मालाची विल्हेवाट तातडीनं लावावी लागते. काल दुपारी लावली." मग माझ्याकडे वळून खालच्या आवाजात म्हणाले, "फार उत्तम झाली होती हो."

उपसमितीनं 'पाहणीच्या वेळी माल उपलब्ध नव्हता' असा अहवाल जागच्या जागी लिहिला आणि आपलं विसर्जन केलं. मी जिना चढून वर आलो. अक्काची गाडी दुसऱ्या दिवशी अकराला यायची होती.

सकाळी बाजार उघडायच्या आत मी भाजीवाल्या बाईसमोर उभा होतो. "चुका द्या. मुळासकट."

"मुळं कापून, धुऊन देते की," ती म्हणाली.

"धुऊ नका!" मी एवढ्या जोरात ओरडलो की बाई दचकली. "कापूही नका. माती असली तर माती राहू द्या."

"औषधाला पायजे काय?" तिनं कनवाळूपणे विचारलं. मी मान डोलावली. एका अर्थी खरंच होतं.

अकरा जुड्या आणल्या. दोऱ्या सोडून लावायला गेलो तर पानं आडवी झोपली, जणू त्यांनाही ही लबाडी बघवेना. शेवटी जुड्या तशाच दोरीसकट मातीत रोवल्या, दोरीवर माती ओढली, वरून पाणी शिंपडलं. दहा हात लांबून बघितलं तर चित्र झकास होतं. आमची गॅलरी मात्र एकूण साडेतीन हात रुंद होती.

अक्का आली. केस बरेच पांढरे झाले होते, आणि पिशवी उचलताना ती डाव्या पायावर भार देत होती, हे मला नवीन होतं. मी वाकून नमस्कार केला. तिनं डोक्यावर हात ठेवला, पण बोलली बायकोशीच. पाणी प्यायली. चहा घेतला. मग पेला खाली ठेवून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "पत्रं मिळाली तुझी. सगळी वाचली."

"अक्का, ते पाकीट—"

"चुकून गेलं, कळलं मला. दुसऱ्याच पत्रात कळलं. रागावले नव्हते रे मी." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "उत्तर लिहायला बसायचे आणि हात अडायचा. वेलांटी पहिली की दुसरी? उकार कुठला? एक ओळ लिहायची नि फाडायची. ते कार्डसुद्धा शेजारच्या मुलीला तीनदा दाखवून मग टाकलं."

दोन वर्षं मी समजत होतो की तिनं पाठ फिरवलीय, आणि ती तिकडे माझ्या भीतीनं कोरे कागद फाडत होती. जिनं माझ्या हाताला धरून 'ग' गिरवून घेतला, ती.

मी काही बोलायच्या आत ती उठली. "चल, दाखव तुझा चुका."

मी पुढे होऊन दारातच उभा राहिलो. "इथूनच छान दिसतो बघ. उजेड मागून येतो ना."

अक्कानं मला लहानपणी करायची तसंच खांद्याला धरून बाजूला केलं. कुंड्यांसमोर उकिडवी बसली. पानांवरून हात फिरवला. "तरारलाय खरा," म्हणाली, आणि देठ खुडायला म्हणून बोटं बुडापाशी नेली. अख्खी जुडी वर आली. मुळं, माती, आणि मध्ये घट्ट बांधलेली केळीच्या सोपटाची दोरी.

बायको दाराआड गेली. मी भिंतीवर पेन्सिलीनं लिहिलेल्या आकड्यांकडे बघत होतो.

अक्कानं जुडी उलटीसुलटी करून बघितली. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. वाकून बघतो तर ती हसत होती. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अरे गाढवा," ती कशीबशी म्हणाली, "दोरी तरी सोडायचीस!"

"सोडली होती गं. झोपतात ती."

"झोपतातच. मला विचार ना. मीसुद्धा दोरी तशीच ठेवली होती."

"कधी?"

ती मागे सरकून भिंतीला टेकली. "तुला टायफॉइड झाला होता बघ. सहा वर्षांचा होतास. एकवीस दिवस अन्नाला शिवला नाहीस. ताप उतरला तर एकच घोषा, आपल्या वाफ्यातला चुका पाहिजे. बाजारातला आणला तर तोंड फिरवायचास. आणि वाफा होता कुठे? तुझ्या दुखण्यात कुंपण पडलं होतं, शेळीनं सगळा साफ केला होता. मग मी सकाळीच जुड्या आणल्या, चिखलात खोचल्या आणि तुला कडेवर घेऊन मागच्या दारी नेलं. म्हटलं, बघ, तुझी वाट बघत थांबलाय."

"आणि मी खाल्ला?"

"आधी स्वतःच्या हातानं उपटलास. अशीच दोरी निघाली. तू विचारलंस, अक्का, हे काय? मी म्हटलं, ती त्याची नाळ आहे. बाळाला असते ना, तशी झाडालापण असते."

"आणि मला पटलं?"

"पटलं म्हणजे! बरा होऊन शाळेत गेलास आणि भर वर्गात सांगितलंस. मास्तरांनी बाबांना चिठ्ठी पाठवली." ती पुन्हा हसायला लागली, आणि आता मी आणि दाराआडची बायकोही हसायला लागलो. इतके हसलो की खालून बेलीफसाहेबांनी वर बघून काय प्रकार आहे म्हणून विचारलं. कुणालाच सांगता येईना.

टायफॉइड मला आठवतो. कडेवरून बघितलेला तो ओला, हिरवा वाफाही आठवतो. माझ्या आठवणीत तो त्या दिवसापर्यंत खराच होता. तेरा वर्षांच्या पोरीनं पहाटे उठून तो माझ्यासाठी रचला होता, हे मला वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी समजलं.

अक्का तीन दिवसांसाठी आली होती ती अकरा दिवस राहिली. पुढे बरीच वर्षं येत राहिली; आता ती नाही. पण त्या दिवशीची दुपार मला जशीच्या तशी दिसते. तिनं सगळ्या जुड्या उपटल्या, दोऱ्या सोडल्या, आणि जमिनीवर जुनी मुद्रितं पसरून आम्ही तिघं भाजी निवडायला बसलो. बऱ्याच वर्षांनी मी तिच्या शेजारी मांडी घालून बसलो होतो. ती अंगठ्याच्या नखानं पानं खुडत होती, मी तिचं बघून खुडत होतो आणि देठ बाजूला टाकत होतो.

"देठ टाकू नकोस," अक्का मान वर न करता म्हणाली. "आंबटपणा त्यातच असतो."

मी टाकलेले देठ एकेक करून वेचले आणि तिच्या पुढ्यात ठेवले.